कंडेन्सर माझेच, बिल 570 डॉलरचं

मंडळी, लिहायलाही लाज वाटतेय. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस मी, वडिलांच्या गॅरेजात राजदूतचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) पॉलिशपेपरने घासत मोठा झालेला. आणि इकडे विस्कॉन्सिनमध्ये एका बोट-मेकॅनिकने मीटरची नुसती 'पीं' ऐकवून मला गंडवलं.

इंजिन बोटीचं, 1956 चं जॉन्सन सीहॉर्स, 10 हॉर्सपॉवर, दोन सिलिंडरचं. बनवणारी कंपनी ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) 2000 साली दिवाळखोरीत गेली. त्यामुळे 'जुन्या स्टॉकमधला, न वापरलेला पार्ट' म्हटलं की आमच्यासारख्या हौशी लोकांची लाळ गळते. त्याने नेमकं तेच म्हटलं.

तक्रार साधी होती. इंजिन तापलं की एका सिलिंडरवर यायचं. मेकॅनिकने फ्लायव्हील काढलं (वरचं जड चाक, पॉइंट आणि कंडेन्सर त्याखाली असतात), मीटरची एक पिन बॉडीला, दुसरी पॉइंटच्या स्क्रूला लावली. पीं, म्हणजे करंटला वाट मिळाली. "शॉर्ट." दुसऱ्या बाजूलाही पीं. "दोन्ही कंडेन्सर गेलेत." कंडेन्सर म्हणजे प्रत्येक सिलिंडरची एक छोटी डबी, पॉइंट उघडताना तो जळू नये म्हणून बसवलेली.

मी मान डोलावली!

कंडेन्सरची वायर त्याने स्क्रूवरून सोडवलीच नव्हती. खालचा पॉइंट मिटलेला, म्हणजे करंट पॉइंटमधूनच बॉडीत जाणार. अशा वेळी कोरा कंडेन्सर लावलात तरी मीटर ओरडेल. पॉइंट उघडा असता तरी ठिणगीचा दाब तयार करणाऱ्या कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्यातून तेच. हे मी कॉलेजात दुसऱ्यांना शिकवलंय हो. शिवाय कंडेन्सर शॉर्ट असला तर त्या बाजूला ठिणगीच पडत नाही, आणि माझं इंजिन त्याच्या दारात एका सिलिंडरवर फटफटत आलं होतं. मग त्या बाजूचा कंडेन्सर मेला कसा? पॉइंटही स्वच्छ, कुठे काळपट जळलेलं नाही. सगळं डोळ्यासमोर होतं. पण मुलीला त्या शनिवारी तळ्यावर न्यायचं कबूल केलं होतं, आणि माणूस आत्मविश्वासाने बोलत होता. मी तरी काय करणार?

बिल असं: तपासणी 85, 'जुन्या स्टॉकमधले' कंडेन्सर 64 प्रमाणे दोन म्हणजे 128, मजुरी तीन तास 330, 'किरकोळ सामान' 27. एकूण 570 डॉलर. असा कंडेन्सर नवा दहा-पंधरा डॉलरला मिळतो. बायको म्हणाली, "अरे, कार्डाने दे." मेकॅनिक म्हणाला, पैसे ॲपवरून दिलेत तर टॅक्स लावत नाही. दिले ॲपवरून. जुने पार्ट परत मागायचे असतात, तेही मागितले नाहीत.

पिंपात दोन मिनिटं चालवून दाखवलं, छान चाललं. थंड इंजिन चालणारच! तळ्यात वीस मिनिटांनी पुन्हा एक सिलिंडर बंद.

घरी पुलर लावून फ्लायव्हील काढलं. वसंतात साफसफाई करताना वरच्या सिलिंडरची बाजू कळावी म्हणून मुलीच्या हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका मी कंडेन्सरवर दिला होता. डबी घासून चकचकीत केलेली, पण क्लॅम्पच्या कडेखाली हिरवी चंद्रकोर तशीच. हा तर माझाच, मग दुसराही माझाच असणार! वायर सोडवून मोजले: 0.20 आणि 0.19 मायक्रोफॅरॅड, अगदी हवे तसे. (नुसत्या मीटरवर विसंबू नका म्हणा, जास्त व्होल्टेजला गळती आहे का, ते त्यात कळत नाही.) खरा रोग कॉइलला होता, आवरणाला केसाएवढी चीर. 38 डॉलरची कॉइल बसवली, तेव्हापासून कुरकुर नाही.

आता तक्रारीची कथा. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, आमचं नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे ही फसवणूक नाहीच. अहो, मग फसवणूक म्हणजे काय, त्याने माझा हात धरून बटण दाबायला हवं होतं? ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात चाळीस मिनिटं फोनवर संगीत ऐकलं, मग बाईंनी विचारलं, "कंडेन्सर म्हणजे एसीचा का?" फॉर्म भरला. सहा आठवड्यांनी पत्र आलं: दुकानदाराशी आधी स्वतः बोलून पाहा. बोललो होतो. त्याने फोन ठेवला होता, हे फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं.

लहान दाव्यांच्या कोर्टात जा म्हणतात सगळे. जाईनही. एक दिवसाची रजा, फी वेगळी.

काल त्याच ऑफिसातून ईमेल आलाय. तक्रार पुढे न्यायची तर बसवलेल्या नव्या पार्टचा फोटो जोडा म्हणे.