गोल्ड थोडक्यात हुकतंय: उडायचं, विकत घ्यायचं की सोडून द्यायचं?

युनायटेड एअरलाइन्सच्या मायलेजप्लसचा (म्हणजे नेहमी उडणाऱ्यांसाठीच्या सदस्य योजनेचा) वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबरला बंद होतो. हातातलं स्टेटस (म्हणजे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम यांपैकी मिळालेली सवलतींची पायरी) मात्र पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत चालतं. थोडक्यात हुकलेल्या माणसाला म्हणजे दोन वेगळ्या तारखा सांभाळायच्या असतात. पॉइंट भरून काढायचे तर पहिली तारीख आणि दुसऱ्या कंपनीकडे सोय लावायची तर दुसरी. अमेरिकेतले बरेच मराठी लोक ऑफिसच्या कामासाठी देशांतर्गत उडतात आणि वर्षातून एकदा मुंबई-पुण्याला जातात. वर्षाअखेरीला नेमकी याच लोकांची गणना थोडी कमी पडते, म्हणून हा आढावा त्यांच्यासाठी.

२०२५ पासूनचे आकडे असे. गोल्डसाठी १०,००० पीक्यूपी (म्हणजे पैशांवर मिळणारे पात्रता पॉइंट) आणि ३० पीक्यूएफ (म्हणजे उड्डाणं) लागतात. उड्डाणं कमी असतील तर सरळ १२,००० पीक्यूपी. सिल्व्हरला ५,००० आणि १५, किंवा नुसते ६,०००. प्लॅटिनमला १५,००० आणि ४५, किंवा १८,०००. शिवाय चार उड्डाणं खुद्द युनायटेडचीच असावी लागतात. युनायटेडच्या विमानात पीक्यूपी साधारण डॉलरला एक, तेही मूळ भाडं आणि कंपनीचा अधिभार यांवरच. सरकारी कर त्यात धरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे ८,८०० पीक्यूपी आणि २४ उड्डाणं आहेत. गोल्डला १,२०० पॉइंट आणि ६ उड्डाणं कमी. ॲपमध्ये पॉइंटांचा आकडा डोळ्यांत भरतो, उड्डाणांचा आकडा लोक विसरतात, आणि शेवटी पॉइंट भरूनही गोल्ड मिळत नाही. बेसिक इकॉनॉमीच्या (म्हणजे सगळ्यात स्वस्त प्रकारच्या) तिकिटावर पीक्यूपी मिळतात, पीक्यूएफ मिळत नाहीत. त्यामुळे चाळीस डॉलर वाचवून काढलेलं तिकीट ऐन डिसेंबरात उपयोगी पडत नाही.

मग पर्याय कोणते?

नुसतं पॉइंटसाठी उडणं

एकेकाळी यात मजा होती. अंतरावर मैल मिळत, म्हणून लोक स्वस्तात स्वस्त आणि लांबात लांब तिकीट शोधून शनिवारी निघत आणि रविवारी परतत. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, २०१६ मध्ये अमेरिकनने मैलांचा हिशेब भाड्याशी जोडला. २०२० पासून युनायटेडचं स्टेटसही पैशांवर आलं. आता १,२०० पीक्यूपी हवे असतील तर १,२०० डॉलरहून जास्त खर्चून उडायचं. कर वेगळे, हॉटेल वेगळं, वीकेंड गेला तो वेगळाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कामाचा प्रवास जानेवारीतून डिसेंबरात ओढता येत असेल तर जरूर ओढा, पण निव्वळ पॉइंटसाठी युनायटेडचं महाग तिकीट काढू नका.

उड्डाणांची तूट मात्र अशी भरता येते. नेवार्कहून एका ठिकाणी विमान बदलून जाणारं जाऊन-येऊन तिकीट चार पीक्यूएफ देतं. थेट गेलात तर दोनच.

भागीदार कंपनीने मुंबईला जाणं

माझ्या मते खरा हिशेब इथे आहे. युनायटेडचं नेवार्क-मुंबई थेट विमान रशियन हवाई हद्दीच्या अडचणीमुळे २०२२ मध्ये थांबलं. तेव्हापासून बरेच जण ल्युफ्तान्साने फ्रँकफर्टमार्गे किंवा स्विसने झुरिकमार्गे जातात. या कंपन्यांनीच दिलेल्या तिकिटांवर पीक्यूपी भाड्यावर ठरत नाहीत. अंतर आणि बुकिंगचा वर्ग यांवरून मैल ठरतात आणि त्यांना ५ ने भागतात. युनायटेडच्या पसंतीच्या यादीत नसलेल्या भागीदारांसाठी ६ ने.

नेवार्क-फ्रँकफर्ट-मुंबई जाऊन-येऊन सुमारे १६,००० मैल होतं. समजा तुमच्या वर्गाला अंतराच्या ५० टक्के मैल मिळतात, तर ८,००० भागिले ५, म्हणजे १,६०० पीक्यूपी. वर चार पीक्यूएफ. आपल्या उदाहरणातले पॉइंट भरले, उड्डाणं फक्त दोन राहिली, ती एका छोट्या देशांतर्गत फेरीत निघतात. तिकीट १,१०० डॉलरला मिळालं तर पॉइंट सत्तर सेंटच्या आत पडला आणि आई-वडिलांची भेटही झाली. फार स्वस्त वर्गाला टक्केवारी ५० पेक्षा बरीच कमी असू शकते. म्हणून तिकिटावरचं वर्गाचं अक्षर भाग्यांक पाहावा तसं तपासा.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे तिकिटाचा क्रमांक. तो ०१६ ने सुरू होत असेल तर तिकीट युनायटेडने दिलेलं आहे आणि हिशेब भाड्यावर होतो. २२० ने सुरू होत असेल तर ल्युफ्तान्साचं. विमान तेच, सीट तीच, पॉइंट वेगळे. विकत घेण्याआधी दोन्ही प्रकारे आकडेमोड करा. महाग तिकिटाला ०१६ फायद्याचा, स्वस्ताला बहुतेक वेळा भागीदाराचा. दुसरं म्हणजे आपली डिसेंबरची सवय. नाताळच्या सुट्टीत निघायचं आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतायचं. परतीची उड्डाणं पुढच्या वर्षात पडतात, या वर्षाला निम्मेच म्हणजे ८०० मिळतात, आणि गोल्ड हुकतं. थँक्सगिव्हिंगला जाऊन आलात तर पूर्ण १,६००. भागीदाराकडून पॉइंट जमा व्हायला वेळ लागतो, तेव्हा बोर्डिंग पास जपून ठेवा.

मैल वापरून उडणं

हे कमी लोकांना ठाऊक असतं. साठवलेले मैल खर्चून युनायटेडच्याच विमानात बसलात तर दर १०० मैलांना १ पीक्यूपी मिळतो. ३०,००० मैलांच्या तिकिटावर ३०० पॉइंट. दोन-तीनशेच कमी असतील तर यासारखा सोपा मार्ग नाही.

क्रेडिट कार्ड

युनायटेडच्या एक्सप्लोरर कार्डावर २० डॉलर खर्चाला १ पीक्यूपी मिळतो, वर्षाला १,००० पर्यंत. म्हणजे हजार पॉइंटांसाठी २०,००० डॉलर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण किंमत मांडून पाहा. तोच खर्च २ टक्के परत देणाऱ्या कार्डावर केला असता तर ४०० डॉलर मिळाले असते. इथे ते बुडाले, पण २०,००० मैल आले. मैलाला सव्वा सेंट धरला तर २५० डॉलर. हजार पॉइंट निव्वळ दीडशे डॉलरला पडले, म्हणजे पॉइंटला पंधरा सेंट! वर्षभर किराणा, विमा, मुलांचे क्लास सगळं याच कार्डावर गेलं असेल तर पर्याय उत्तम आहे. मात्र डिसेंबरच्या पंधरा तारखेला एकदम २०,००० खर्चायला जाल तर वायफळ खरेदी होईल किंवा कर कार्डाने भरून वरचं शुल्क लागेल. त्यामुळे हा उपाय पुढच्या वर्षाचा आहे, या वर्षाचा नाही.

विकत घेणं

वर्षाअखेरीला काहींच्या खात्यात स्टेटस किंवा पॉइंट विकत घेण्याची ऑफर दिसते. कधी तिकीट काढताना जास्तीचे मैल आणि पॉइंट घेण्याचा पर्यायही येतो. दर माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे मित्राला काय मिळालं ते विचारण्यात अर्थ नाही. नियम सोपा ठेवा: रक्कम भागिले पॉइंट. एका डॉलरच्या बरंच खाली असेल तर ते विमानात बसून पॉइंट कमावण्यापेक्षा स्वस्त आहे. डॉलरच्या वर असेल तर खिडकी बंद करा.

सोडून देणं

आधी पाहा सोडता काय. सिल्व्हर थोडक्यात हुकत असेल तर मी एक डॉलरही खर्चणार नाही. पहिली बॅग एक्सप्लोरर कार्डावरही मोफत असते आणि इकॉनॉमी प्लस (म्हणजे पायांना जास्त जागा असलेली) सीट सिल्व्हरला चेक-इनच्या वेळीच मिळते. प्लॅटिनम हुकून गोल्डवर येणं चुटपुट लावेल, पण सोसता येतं. गोल्डवरून सिल्व्हरवर येणं मात्र जाणवतं, कारण गोल्ड म्हणजेच स्टार अलायन्स गोल्ड, म्हणजे युनायटेड, ल्युफ्तान्सा वगैरे कंपन्यांच्या आघाडीत सगळीकडे चालणारं गोल्ड. परदेशी प्रवासात लाउंज, भागीदारांच्या विमानात जास्तीची एक बॅग, बुकिंगच्या वेळीच इकॉनॉमी प्लस. मुंबईला चार बॅगा नेणाऱ्या घरात ती एक बॅग बोलते.

पण स्टार गोल्ड फक्त युनायटेडकडेच मिळतं असं नाही. टर्किश एअरलाइन्सचं एलिट बारा महिन्यांत ४०,००० स्टेटस मैलांवर मिळतं आणि दोन वर्षं टिकतं. नेवार्क-इस्तंबूल-मुंबई त्यांच्याकडे आहेच. सिंगापूर एअरलाइन्सचं एलिट गोल्ड ५०,००० एलिट मैलांचं, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ते गैरसोयीचं. शिवाय एक गंमत आहे. युनायटेडचा स्वतःचा गोल्ड सदस्य निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लबमध्ये (म्हणजे युनायटेडच्या लाउंजमध्ये) जाऊ शकत नाही, पण परदेशी कंपनीचं स्टार गोल्ड कार्ड असलेला जाऊ शकतो. घरच्या सुनेपेक्षा पाहुणीला मान! महिन्याला दोनदा शिकागो किंवा ह्यूस्टनला जाणाऱ्याने याचा विचार करावाच.

दुसऱ्या आघाडीत जायचं असेल तर स्टेटस मॅच (म्हणजे इथलं स्टेटस दाखवून तिथे त्याच्या तोडीचं) मागा. डेल्टा तीन महिन्यांचं स्टेटस देऊन त्या मुदतीत ठरलेला खर्च करायला लावते. मॅचसाठी चालू स्टेटसचा पुरावा लागतो, म्हणून अर्ज ३१ जानेवारीच्या आत जायला हवा. फेब्रुवारीत तुम्ही सिल्व्हर म्हणून मागाल आणि सिल्व्हरच मिळेल. मॅच तीन महिन्यांचंच असल्याने पुढच्या तीन महिन्यांत खरोखर प्रवास असेल तेव्हाच मागा.

आणि नवरा-बायको दोघंही तुटीत असाल तर दोघांनी धावू नका. गोल्ड सदस्याला परदेशी प्रवासात लाउंजमध्ये एक पाहुणा नेता येतो आणि बुकिंग करताना एका सोबत्यालाही इकॉनॉमी प्लस मिळते. ज्याची तूट कमी त्याने भरायची, दुसऱ्याने या वर्षी सिल्व्हरवर राहायचं, आणि मुंबईचं तिकीट दोघांचं एकाच पीएनआरवर काढायचं.