लाइफ जॅकेट घेताना आतला फोम पाहा : पाच नगांचा अनुभव

मी बॅगा शिवते. नागपुरात हुडकेश्वर रोडला आमचं छोटं युनिट आहे, सहा जुकी मशिनी आणि कामाला सात पोरी. शाळेच्या बॅगा, टिफिनच्या बॅगा, जूनच्या आधी तर रात्रपाळी. कापड, निवाड, बकल, फोम हे सगळं बावीस वर्षं हाताखालून गेलंय. लाइफ जॅकेट मात्र या मे महिन्यापर्यंत मी कधी हातात धरलं नव्हतं.

माझं माहेर कुही तालुक्यातलं. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. धाकटा भाऊ आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो आणि ज्या पाण्याखाली आमचं घर आहे त्याच पाण्यावर मासे धरतो. मागच्या श्रावणात वाऱ्याने त्याचा डोंगा कलंडला. तो पट्टीचा पोहणारा, म्हणून आला काठाला. पण आता नऊ वर्षांचा भाचाही सुट्टीत सोबत जातो. 2017 च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यातल्या वेणा जलाशयात नाव उलटून तरणीताठी पोरं बुडाली, ते मला विसरता येत नाही. म्हणून ऑनलाइन पाच जॅकेटं मागवली, चार मोठी, एक लहान. मोठं 549 रुपयांना, लहान 449 ला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तसाच माल दहा नावांनी मिळतो.

आधी दिसतं ते सांगते. केशरी ऑक्सफर्ड कापड चांगलं, पायपिंग सरळ, खांद्याला दुहेरी टाका, निवाडीच्या टोकाला बारटॅक, म्हणजे मजबुतीचा दाट टाका. एवढी शिलाई पाहून मी खूश झाले, कारण टाका नीट असला की कारागीर प्रामाणिक आहे असं आपण धरून चालतो. बाहेर ‘100 न्यूटन’ छापलेलं. चाचणीचा नंबर नाही, कोणत्या वजनाच्या माणसासाठी ते नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

दाबून पाहिलं तर वरचा थर कडक आणि आत काहीतरी लुसलुशीत लागलं. बॅगेच्या पाठीला जो फोम आम्ही घालतो तो असा दोन तऱ्हेचा लागत नाही. कूलरला पाणी भरायचा निळा ड्रम होता. जॅकेटला किराणावाल्याकडची लोखंडी मापं बांधली, सात किलोची, आणि संध्याकाळी सातला सोडलं. 100 न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो वर धरायची ताकद, तेव्हा सात किलो सहज पेलायला पाहिजेत. रात्री आठला तरंगत होतं. सकाळी सहाला ड्रमच्या तळाला होतं.

उसवलं. बाहेरून ईपीई नावाच्या प्लास्टिक फोमची पातळ पांढरी शीट, आणि मधे सोफ्याच्या स्पंजचा चुरा. गादीवाल्याकडे पोत्याने मिळतो तो.

ज्यांना फोमचं काम नाही त्यांच्यासाठी लिहिते. भांडी घासायच्या स्पंजात बारीक भोकं एकमेकांत उघडी असतात, म्हणून तो पाणी पितो. ईपीई किंवा चांगल्या ईव्हीए फोममध्ये हवेचा प्रत्येक बुडबुडा वेगळा बंद असतो, पाणी आत जात नाही. आधीच्या काळी जॅकेटात कपोक भरायचे, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद. आजीची उशी सावरीची होती, ओल धरायची नाही. पाण्यात माणसाला तोंड वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. एवढ्यासाठी किती कमी सामान लागतं पाहा, आणि तेवढंही घालायचं नाही.

पुढचं मी जॅकेट कसं शिवतात ते मोबाईलवर शोधताना कळलं. तुर्कस्तानात इझमीर नावाचं बंदर आहे. युद्धातून पळालेली सिरियातली माणसं तिथून समुद्र ओलांडून ग्रीसला जायची, जॅकेटं त्यांना विकली जायची. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या पोलिसांनी एका कारखान्यातून 1,263 लाइफ जॅकेटं जप्त केली. आत पॅकिंगचा फोम, तरंगवण्याऐवजी पाणी पिणारा. त्याच आठवड्यात त्या किनाऱ्याला तीसच्या वर मृतदेह लागले होते, काहींच्या अंगात जॅकेटं होती. आणि कारखान्यात छापा पडला तेव्हा कामावर असलेल्यांत दोन लहान सिरियन मुली होत्या.

मी ते वाचून मशीनवरून उठले आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या मुलींचा दोष नाही. माझ्या पोरींना मी कापलेला फोम देते, त्या शिवतात. आत काय जातं ते मालक ठरवतो. त्या मुली आपल्याच देशातल्या माणसांसाठी शिवत होत्या आणि त्यांना ते सांगितलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

मग मी रात्री जागून त्या लोकांबद्दल वाचत गेले. सिरियात 2011 च्या सुरुवातीला दारा शहरात शाळकरी पोरांनी भिंतीवर सरकारविरोधात लिहिलं, त्यांना पकडून मारलं, लोक रस्त्यावर आले आणि सरकारने गोळ्या घातल्या. तिथून युद्ध. होम्स, अलेप्पो, राजधानी दमास्कसभोवतीच्या वस्त्या, कोबानी, सगळीकडे तेच. अलेप्पो हे कापडाचं आणि साबणाचं शहर. तिथला जुना छतबंद बाजार 2012 च्या सप्टेंबरात जळाला. आपली नागपूरची इतवारी बाजारपेठ जळून गेली असं धरा, आणि त्यात माझ्यासारख्या शेकडो जणींचं पोट. समुद्रातून आलेले लोक म्हणजे कुणी अडाणी, भटके असा आपल्याकडे समज आहे. 2015 मध्ये ग्रीसला पोहोचलेल्या सिरियन लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने विचारलं, तर 86 टक्के माध्यमिक शाळा किंवा कॉलेज शिकलेले निघाले. मास्तर, औषधवाले, दुकानदार. शिंपीही असणारच. घरंदारं असलेली माणसं होती ती.

आमचंही गाव गेलं, पण आमच्याकडे नोटीस आली, मोबदला आला, सामान न्यायला ट्रॅक्टर आला. ती बरोबरी मी करत नाही.

जमिनीवरून सरहद्द ओलांडून, किंवा लेबननमधून बोटीने, विमानाने सिरियातले लोक तुर्कस्तानात यायचे. मग बसने इझमीर. तिथल्या बासमाने भागात चपलांच्या, कपड्यांच्या दुकानांत बाहेर जॅकेटं टांगलेली असायची, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा. दलालाला माणशी हजार डॉलरच्या आसपास. पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, पलीकडे पोहोचल्यावर फोनवरून खुणेचा आकडा सांगायचा, मग ते दलालाला मिळायचे. रात्री किनाऱ्याला नेऊन रबराच्या बोटीत चाळीस-पन्नास माणसं चढवायची. दलाल स्वतः बोटीत बसत नसे, प्रवाशांतल्याच कुणाच्या तरी हातात इंजिन द्यायचा. समोरचं ग्रीसचं लेस्बोस बेट जिथे जवळ आहे तिथे पाणी दहा किलोमीटरच्या आसपास. दिवसा फेरी बोट त्याच पाण्यातून थोडक्या तिकिटात जाते, पण त्यासाठी व्हिसा लागतो. म्हणून इंजिन बंद पडेल, पाणी शिरेल हे माहीत असून लेकरं घेऊन लोक चढायचे. दमास्कसची युस्रा मार्दिनी ही पोहणारी मुलगी 2015 मध्ये अशाच बोटीत होती. इंजिन बंद पडलं तेव्हा ती आणि तिची बहीण पाण्यात उतरल्या आणि बोटीचा दोर धरून पोहत राहिल्या. पुढच्या वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघाकडून पोहली.

2015 या एका वर्षात समुद्रमार्गे दहा लाखांहून जास्त माणसं युरोपात पोहोचली, जवळपास निम्मी सिरियन. पाच लाखांच्या वर एकट्या लेस्बोसवर. भूमध्य समुद्रात त्या वर्षी 3,700 हून अधिक माणसं मेली किंवा हरवली.

माझा भाऊ मासे धरतो म्हणून मला एक गोष्ट फार लागली. लेस्बोसच्या उत्तरेला स्काला सिकामिनियास हे मासेमारांचं लहानसं गाव आहे. तिथल्या मासेमारांनी जाळी टाकून दिली आणि माणसं ओढून काढली. गावातल्या म्हाताऱ्या बायांनी ओल्या लेकरांना मांडीवर घेतलं. त्यांच्यातल्या एका मासेमाराचं आणि एका आजीचं नाव 2016 च्या शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं. मी हे भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “ताई, पाण्यात माणूस दिसल्यावर जाळं कोण पाहते?” आणि त्याच बेटावर मोलिवोस गावाजवळच्या टेकड्यांवर ती जॅकेटं ढिगांनी पडून राहिली, केशरी डोंगर. चिनी कलाकार आय वेईवेई यांनी त्यातली 14 हजार नेऊन बर्लिनच्या एका मोठ्या सभागृहाच्या खांबांना बांधली होती. बेटावरच्याच मिटिलिनी शहरात काही लोकांनी त्याच जॅकेटांच्या कापडाच्या बॅगा शिवायला घेतल्या, निर्वासित आणि गावकरी एकाच टेबलाला बसून. फोटोत एका बॅगेचा पट्टा झूम करून पाहिला. बकल जॅकेटचंच ठेवलंय. चांगलं काम आहे, कडा दुमडून शिवल्यात.

आता पुन्हा मालाकडे. लहान मुलाचं 449 वालं जॅकेट सगळ्यात वाईट. दोन पायांच्या मधून जाणारा पट्टाच नाही. भाच्याला घालून दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं, तर जॅकेट त्याच्या कानापर्यंत आलं आणि पोरगा खाली सरकला. पाण्यात तेच होणार. मानेमागे कॉलर नाही, म्हणजे डोकं मागे टेकायला काही नाही.

दुसरी खेप मी नागपुरातच, सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानातून घेतली. 1,850 रुपये मोठं, 1,600 लहान. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजं आणि त्यांचं सामान तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का, नंबर, किती किलोच्या माणसासाठी ते, सगळं आतल्या बाजूला छापलेलं. तीच सात किलोची मापं, तोच ड्रम, पूर्ण दोन दिवस तरंगलं. लहानग्याला पायातला पट्टा, कॉलर, शिटी. तक्रारी आहेत. छातीचं बकल ओल्या हाताने लवकर सुटत नाही. चमकणारी पट्टी एका जॅकेटावर दोनच बाजूंनी शिवलीय, कोपरा उचकटतो. मे महिन्यात घातलं की अंगाची लाही होते, आणि भाऊ म्हणतो की हात उचलून जाळं फेकताना खांद्याला काचतं. ते खरं आहे. वहिनीने मात्र ठरवून टाकलंय, पोरगा जॅकेटाशिवाय डोंग्यात पाय ठेवणार नाही.

न्यूटनचा आकडाही पाहून घ्या. 50 चं फक्त पोहता येणाऱ्याने काठाजवळ वापरायचं असतं, शांत पाण्याला 100, खुल्या समुद्राला 150. तलावावर 100 पुरेल.

काही जणींनी विचारलं की तूच काहून शिवत नाहीस. कापड आहे, फोम आहे, हात आहे. पण माझ्याकडे चाचणी नाही, आणि बिनाचाचणीचं जॅकेट मी कुणाच्या लेकराला घालायला देणार नाही.

पहिल्या विक्रेत्याने पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, न उसवलेले चार नग पाठवायचे. दोन हजारांच्या वर रक्कम होते, आमच्यासारख्यांना ती लहान नाही. दोन दिवस मी ते पार्सल टेबलावर ठेवून पाहत होते. परत गेले असते तर नवीन पिशवीत घालून दुसऱ्या कुणाच्या घरी गेले असते. मी नाही पाठवले. चारही उसवले, चुरा कचऱ्याच्या गाडीत दिला, आणि कापडाला कुणी पुन्हा फोम भरू नये म्हणून खांद्याचे पट्टे मुळापासून कापले.