५० मिमी एफ/१.८ लेन्स: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दहा महिने झाले, माझ्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ ही एकच, झूम नसलेली लेन्स आहे. आमच्या सहा जणांच्या फोटोग्राफीच्या गटात दोघांनी विचारलं, घेऊ का? म्हणून सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्याच कंपन्यांच्या साध्या ५० मिमी लेन्सला लागू पडतं.

घेतली ती प्रकाशासाठी. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं भोक मोठं उघडतं आणि प्रकाश जास्त येतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स झूम करून ५५ मिमीवर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे संध्याकाळी खोलीत जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० लावावा लागायचा, तिथे ६४० वर काम भागतं. हा फरक पहिल्याच दिवशी दिसतो आणि दहा महिन्यांनंतरही मला त्याचं अप्रूप आहे.

पण माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्यातला चित्र टिपणारा सेन्सर ३५ मिमी फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम' सेन्सरपेक्षा लहान. त्यावर ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमी लेन्सइतकं अरुंद दृश्य दाखवते. खोलीत चार माणसं एका फ्रेममध्ये घ्यायची म्हटलं की माझी पाठ भिंतीला टेकते, तरी कडेचा माणूस अर्धा कापला जातो. पहिले दोन आठवडे मी यावरून वैतागले होते.

त्यानंतरचे तीन महिने मी प्रत्येक फोटो एफ/१.८ लाच काढला. मागचं सगळं विरघळून जायचं आणि मला वाटायचं, बॅकग्राउंडचा प्रश्न कायमचा मिटला. तो मिटलेला नाही हे मला आजीच्या एका फोटोने शिकवलं.

आजी खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. प्रकाश एका बाजूने, मऊ. मी साधारण एक मीटरवर होते. चार-पाच फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसले. कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर चष्म्याची काडी अगदी काटेकोर फोकसमध्ये, आणि सुईचं नेढं, दोरा, बोटं सगळी धुरकट. एक मीटरवर एफ/१.८ ला क्रॉप सेन्सरवर फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तेवढं अंतर) जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर मिळते. आजीचा चेहरा आणि तिची बोटं यांत त्याच्या कितीतरी पट अंतर होतं. शिवाय मी मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून मग फ्रेम हलवत होते; एवढ्या पातळ फोकसमध्ये तेवढं हलणंही महागात पडतं.

आमच्या गटाचा एक नियम आहे. दर रविवारी प्रत्येकाने एकच फोटो दाखवायचा. ज्याचा फोटो, त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी फक्त एवढंच सांगायचं की नजर सगळ्यात आधी कुठे गेली. आवडला, नाही आवडला हे नंतर. मी तो फोटो ठेवला. मला वाटलं होतं फोकसबद्दल बोलतील. पाचपैकी तिघं म्हणाले, "खिडकीच्या गजाकडे." गज आजीच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या शेजारी उजेडाचा एक पांढरा पट्टा होता. दोन्ही पूर्ण ब्लर होते, तरीही नजर तिकडेच ओढली जात होती. ब्लरने रेषेची धार जाते, उजेड आणि रंग जागच्या जागी राहतात. हे माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने होतं आणि मला दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारच्या आत मी पुन्हा काढायला बसले, या वेळी जमिनीवर बसून आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकून. तेवढ्यानेच गज डोक्यामागून बाजूला गेला आणि उजेडाचा पट्टा फ्रेमच्या बाहेर पडला. ॲपर्चर (लेन्समधलं भोक) एफ/४ केलं, म्हणजे फोकसची खोली सहा सेंटीमीटरच्या आसपास. फोकसचा एकच पॉइंट निवडून तो थेट नेढ्यावर नेला. एफ/१.८ वरून एफ/४ ला आलं की प्रकाश पाचपट कमी होतो, म्हणून आयएसओ ४०० वरून २००० वर न्यावा लागला. थोडं ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा आला, पण ग्रेन चालतं. शटर १/२०० सेकंद ठेवलं, कारण आजीचा हात किंचित थरथरतो. "अगं, दोरा केव्हाच गेलाय आत, किती वेळा ओवायला लावशील?" असं ती म्हणत होती आणि मी क्लिक करत होते. त्यातल्या एका फोटोत दोऱ्याचं टोक नेढ्याच्या अलीकडे आहे, बोटं स्पष्ट आहेत, चेहरा मऊ असला तरी ओळखू येतो. प्रिंट काढून आजीला दिला तर तिने आधी सुईवरच बोट ठेवलं.

झूम वापरताना मी आहे तिथेच उभी राहून रिंग फिरवायचे. त्याने फ्रेम घट्ट होते, पण पुढच्या आणि मागच्या वस्तूंचं आपसातलं नातं तेच राहतं, कारण ते नातं आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. जवळ गेलं की पुढची वस्तू झपाट्याने मोठी होते आणि दूरची जवळपास तेवढीच राहते. या लेन्सवर झूमसाठी फिरवायला रिंगच नाही, त्यामुळे पाय हलवावेच लागतात, आणि पाय हलले की मागचं दृश्य बदलताना दिसायला लागतं. आता मी माणसाकडे बघण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते बघते, मग जागा ठरवते, ॲपर्चर सगळ्यात शेवटी. एखादी झूम एकाच आकड्यावर ठेवूनही हे शिकता येईल, पण मला ते जमलं नव्हतं. रिंग हाताशी असली की हात तिच्याकडे जातोच.

१९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्यावर ५० मिमीची एफ/३.५ लेन्स पक्की बसवलेली होती, ती बदलताच यायची नाही. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनीही आयुष्यभर मुख्यतः ५० मिमीच वापरली. पण ते सगळं ३५ मिमी फिल्मवर, म्हणजे आजच्या फुल फ्रेमवर. क्रॉप सेन्सरवर तसं दृश्य हवं असेल तर ३५ मिमी लेन्स लागते. लेन्स घेताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तक्रारी आहेत. एफ/१.८ ला उजळ आकाशासमोरच्या फांद्यांना जांभळी किनार येते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढला असेल तर ती बरीचशी काढून टाकता येते. कोपरे एफ/१.८ ला मऊ असतात, एफ/२.८ पासून चित्र छान आवळतं, एफ/४ ते एफ/८ मध्ये ही लेन्स खरोखर सुरेख आहे. एफ/११ च्या पुढे मी जात नाही, तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने, धार पुन्हा उतरते. अंधुक उजेडात ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो आणि व्हिडिओत मोटरची घरघर ऐकू येते. माझी लेन्स ४५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही, त्यामुळे फुलांचे, किड्यांचे फोटो विसरा. हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून हातात धरून मी शटर १/१२५ सेकंदापेक्षा सावकाश ठेवत नाही. सूर्य समोरून तिरपा आला की चित्र फिकट पडतं. लेन्सच्या तोंडावर बसणारा, बाजूचा उजेड अडवणारा हूड लावाच, तो लेन्सला धक्क्यांपासूनही वाचवतो.

घरातलेच फोटो जास्त काढत असाल आणि कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल, तर आधी ३५ मिमी बघा. घेण्यापूर्वी किट लेन्स एक आठवडाभर ५० वर ठेवून फिरा, रिंगला चिकटपट्टी लावली तर उत्तम. दृश्य अरुंद वाटतंय की पुरेसं, ते लगेच कळेल. माणसांचे, हातांचे, खिडकीपाशी कामात गढलेल्यांचे फोटो काढायचे असतील तर ५० घ्या. आणि घेतलीत तर पहिला महिना एफ/४ वर काढा, मी केलं त्याच्या उलट. गटात कोणाला वापरून बघायची असेल तर माझी घेऊन जा, फक्त रविवारच्या आत परत द्या.