“खास तुमच्यासाठी” बनवलेलं गाड्यांचं सॉफ्टवेअर: सही करण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात कागलच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला. ओळख ना पाळख. म्हणाले, “ताई, त्या सॉफ्टवेअर कंपनीनं दिलेल्या यादीत तुमच्या फर्मचं नाव आहे, समाधानी ग्राहक म्हणून. आमचं उद्या अ‍ॅडव्हान्स द्यायचं ठरलंय. एकदा विचारावं म्हटलं.” मी त्यांच्याशी पाऊण तास बोलले. फोन ठेवल्यावर रात्रभर डोक्यात तेच. यांनी विचारलं तरी. माझं नाव वाचून न विचारता सही केलेले किती असतील?

कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. पण नावापेक्षा पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे, कारण नाव बदलायला त्यांना एक दिवसही लागणार नाही.

आमच्या अठरा गाड्या आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग भरायचं, चाकणला उतरवायचं आणि परतीचं मिळेल ते लोड घेऊन यायचं. वडिलांनी दोन गाड्यांवर सुरू केलेलं काम, ते गेल्यावर मी बघते. त्यांचा सगळा कारभार वहीवर. गाडी किती वाजता सुटली, डिझेल किती भरलं, अ‍ॅव्हरेज किती पडलं. तीन वर्षांपूर्वी चाकणच्या कारखान्यानं करारात अट घातली, की गाडी कुठं पोचली ते त्यांना स्क्रीनवर दिसलं पाहिजे. अट वाजवी होती. त्यांची लाइन आमच्या मालावर अवलंबून असते.

तयार सेवा बाजारात होत्या, गाडीमागे वर्षाला दोन-अडीच हजारांत मिळत होत्या. मग मी खास बनवून घ्यायच्या भरीला का पडले? कारण ही माणसं आमच्या ऑफिसात येऊन दोन दिवस बसली. बिल्टी (मालाची पावती) कशी फाडता, हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचा आकार) कसं लावता, ड्रायव्हरची उचल कुठं लिहिता, सगळं विचारून वहीत टिपून घेतलं. “तयार सॉफ्टवेअर म्हणजे तयार शर्ट. आम्ही तुम्हाला मापानं शिवून देतो.” इतकं कान देऊन आमचं काम आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिथंच मी विरघळले. डेमोच्या स्क्रीनवर दोनशे ट्रक धावताना दाखवले. ते कुणाचे, हे मी विचारलं नाही. माझ्या एका गाडीला महिनाभर लावून दाखवा, हेही म्हटलं नाही.

सॉफ्टवेअरचे ४ लाख २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी. अठरा गाड्यांना गाडी कुठं आहे ते कळवणारं डिव्हाइस, प्रत्येकी साडेसहा हजार. अकरा मोठ्या गाड्यांच्या टाक्यांत डिझेल मोजायचे रॉड, प्रत्येकी नऊ हजार, शिवाय “कॅलिब्रेशन” वेगळं. सगळं मिळून सात लाखांच्या वर गेलं. निम्मे पैसे सहीच्या दिवशी. आठ इंजिनिअर सहा महिने काम करतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच आठवड्यांत सुरूही झालं, आणि मी मात्र काम किती चटकन केलं म्हणून खूश.

आता डिझेलबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझं खरं नुकसान तिथं झालं आणि ते सात लाखांपेक्षा मोठं आहे.

आमचे तात्या. त्यांना सगळे तात्याच म्हणतात. वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर. माझी शाळा सुटायला उशीर झाला की गाडी घेऊन तेच यायचे आणि मला केबिनमध्ये वर उचलून बसवायचे. सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या गाडीवर लाल अलर्ट आला: रात्री १ वाजून ५२ मिनिटं, खंबाटकी घाट, गाडी उभी, इंजिन बंद, डिझेल २२ लिटर कमी, “चोरीची शक्यता”. पुढच्या फेरीला पुन्हा तेच, त्याच घाटात. चार फेऱ्यांत मिळून ८६ लिटर. मी त्यांना ऑफिसात बोलावलं. ते म्हणाले, “ताई, लोड असलं की घाटात गाडी तापते. मी बाजूला घेऊन थांबतो, चहा पितो. टाकीला हात लावत नाही.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. “तात्या, हे मशीन आहे. ते कशाला खोटं बोलेल?”

हे वाक्य मी बोलले, हिशेब बघणारी मुलगी आणि दोन क्लीनर तिथं उभे असताना. महिन्याच्या पगारातून सुमारे आठ हजार कापले आणि रजिस्टरात लिहिलं: डिझेल तूट. पुढच्या पंधरवड्यात तात्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

उलगडा झाला तो दोन महिन्यांनी, आणि तोही माझ्या हुशारीनं नव्हे. हिशेब बघणारी मुलगी पंपांची बिलं सॉफ्टवेअरच्या भरणीच्या रिपोर्टशी ताडून बघत होती. म्हणाली, “ताई, इथं रात्री २ वाजून ३१ मिनिटांनी २१ लिटर भरणी दाखवतंय, घाटाजवळच्या सुरूरला. पण बिलच नाही.” मागच्या तारखा काढल्या. प्रत्येक “चोरी”नंतर अर्ध्या-पाऊण तासात तेवढंच डिझेल टाकीत परत आलेलं. चोरी एका पानावर होती, भरणी दुसऱ्या पानावर, आणि मी फक्त पहिलं पान बघत होते.

आमच्या यार्डाबाहेर रस्त्याला चांगला चढ आहे. मी तात्यांचीच गाडी तिथं चढाला तोंड करून उभी करायला लावली. इंजिन बंद, टाकीचं झाकण कुलूपबंद, किल्ली माझ्या मुठीत. दहा मिनिटांत फोनवर आलं: डिझेल १९ लिटर कमी, चोरीची शक्यता. गाडी सपाटीला आणली, थोड्या वेळानं भरणी १९ लिटर. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले.

कारण साधं आहे. टाकी लांबट असते. चढावर डिझेल मागं सरतं, पुढच्या टोकाची पातळी उतरते. म्हणून रॉड टाकीच्या मधोमध बसवायचा असतो, कारण तिथं चढ-उताराचा फरक सर्वात कमी पडतो. आमच्या टाक्यांना त्यांच्या माणसानं पुढच्या टोकाला भोक पाडलं होतं, कारण तिथं हात पोचायला सोपं. दुसरं कॅलिब्रेशन. टाकी म्हणजे काटकोनी डबा नव्हे, तिचे कोपरे गोल असतात, आत पत्रे असतात. टाकी रिकामी करून वीस-वीस लिटर डिझेल मापानं ओतायचं, दर वेळी रॉडचा आकडा लिहायचा आणि त्यावरून त्या गाडीचा तक्ता करायचा. एका गाडीला दोन-तीन तास सहज जातात. आमच्या बिलात अकरा टाक्यांच्या कॅलिब्रेशनचे पैसे होते, आणि त्यांचा माणूस टेपनं लांबी-रुंदी-उंची मोजून अकराही गाड्या एका दुपारीत उरकून गेला होता. मी त्याला चहा पाजला होता. तिसरं म्हणजे पातळी उतरली की लगेच बोंब न मारता गाडी सपाटीला येईपर्यंत थांबून बघणं, हे सॉफ्टवेअरनं करायचं असतं. तेच तर “आमच्या मापानं शिवलेलं” असणार होतं.

माझा मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याला सगळं दाखवलं. सॉफ्टवेअरच्या वेब पत्त्यात शेवटी ८०८२ हा आकडा बघून तो गप्प झाला. डिव्हाइसला कुठला सर्व्हर दिलाय ते विचारलं. फिटिंगवेळच्या एसएमएसात पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, होता ५०२३. त्यानं संध्याकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर ट्रॅकार नावाचा प्रोग्राम उतरवून घेतला आणि चालू करून माझ्यापुढं ठेवला. तोच नकाशा, तीच डावीकडची यादी, तेच रिपोर्ट. फक्त आमचा लोगो नव्हता. ट्रॅकार मुक्त स्रोत आहे, कुणीही फुकट घेऊ शकतो, स्वतःचं नाव लावून विकूही शकतो, त्याच्या परवान्यात ती मोकळीक आहे. प्रोग्राम चांगला आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. ते दोन्ही आकडे त्यात मुळातच ठरलेले असतात, यांनी तेही बदलले नव्हते. तक्रार ही की आठ इंजिनिअर आणि सहा महिने सांगून माझ्याकडून ४ लाख २० हजार घेतले, आणि बिल्टी, हॉल्टिंग, उचल यांतलं एकही पान बनवलं नाही. “पुढच्या टप्प्यात” म्हणत राहिले.

डिव्हाइसवर एआयएस-१४० चं स्टिकर होतं, म्हणजे गाडीत बसवायच्या अशा डिव्हाइससाठी देशात ठरलेल्या मानकाचं. या मानकाला मॉडेल एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं आणि प्रमाणपत्रावर मॉडेलचं नाव असतं. आम्हाला दिलेल्या झेरॉक्सवर मॉडेल वेगळंच होतं, आणि मानकात जे संकटाचं बटण सांगितलंय, ते जोडायला आमच्या डिव्हाइसला वायरच नव्हती. स्टिकर कुणीही छापतं.

मी पैसे परत मागितले. उत्तरात पत्र आलं, की पहिलं वर्ष संपतंय, आता गाडीमागे महिना ६५० रुपये सर्व्हर आणि मेंटेनन्स. अठरा गाड्यांचे वर्षाला १ लाख ४० हजार ४००. मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीन बंद. आमच्या पाच गाड्या तेव्हा रस्त्यावर होत्या. चाकणच्या गेटवर दोन गाड्या सकाळपर्यंत ताटकळल्या, कारण त्यांच्याकडे त्या दिसतच नव्हत्या.

आणि तेव्हा कळलं, की सात लाख देऊन माझ्या मालकीचं काहीच नव्हतं. सर्व्हर त्यांच्या नावावर. वेब पत्ता त्यांच्या नावावर. डिव्हाइसमधली तेरा आकडी नंबरची सिमकार्डं त्यांच्या नावावर. डिव्हाइस दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायचं तर एक एसएमएस पुरतो, पण त्याला लागणारा पासवर्ड त्यांनी बदललेला. करार चौदा पानांचा, इंग्रजीत. मी रकमा आणि तारखा वाचल्या होत्या. नवव्या पानावर लिहिलं होतं, की मला मिळतोय तो फक्त वापरायचा परवाना. वाद झाला तर लवाद, तोही त्यांच्या शहरात. अकरा महिन्यांच्या फेऱ्यांचा इतिहास मागितला, तर त्याचेही वेगळे पैसे सांगितले.

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि “ही दिवाणी बाब आहे” म्हणून सांगितलं. ग्राहक आयोगाचं विचारलं, तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे बसत नाही. नोटीस पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.

आता आम्ही तयार सेवा घेतो, गाडीमागे वर्षाच्या भाड्यावर. सिम आमच्या फर्मच्या नावावर घेतली, डिव्हाइसचे पासवर्ड माझ्या तिजोरीत आहेत, आणि महिन्याच्या शेवटी सगळा इतिहास फाइलमध्ये उतरवून घेते. पैसे देण्याआधी एक गाडी महिनाभर चालवून बघितली. स्क्रीनवरच्या वेळा फास्टॅगच्या मेसेजशी ताडल्या. किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर, वाटेवरचे चार टोलनाके, चार वेळा, ही तपासणी फुकट आहे आणि कुणालाही जमते. मग रॉड मधोमध बसवून घेतले. प्रत्येक टाकीला वीस-वीस लिटरचा कॅन ओतताना मी वही घेऊन स्वतः उभी होते. जुनी कंपनी दर दहा सेकंदांना गाडी दिसेल म्हणायची. मामेभावानं नोंदी काढल्या तेव्हा त्या तीन-तीन मिनिटांच्या निघाल्या. म्हणून नोंदींची कच्ची फाइल मागा. देणारा देतो. न देणारा कारणं सांगतो.

चढावरच्या त्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेले होते. पाकिटात कापलेले पैसे होते. काकूंनी पाणी दिलं. तात्यांनी पाकीट घेतलं, उघडलं नाही. म्हणाले, “ताई, रजिस्टरातली ती ओळ तेवढी खोडा. पोरं बघतात ते.” मी रजिस्टर घेऊन परत गेले, त्यांच्यासमोर लाल पेननं ओळ खोडली, खाली “चूक माझी” लिहून तारीख आणि सही केली. परत कामावर या म्हटलं. ते एका फाउंड्रीच्या गाडीवर लागलेत आता, तिथंच बरं आहे म्हणाले.

कागलच्या त्या गृहस्थांनी अ‍ॅडव्हान्स थांबवलंय. माझं नाव यादीतून काढा म्हणून मी त्या कंपनीला तीनदा लिहिलं. अजून काढलेलं नाही. यादीत आमच्या फर्मचं नाव दिसलं, तर सही करण्याआधी शिरोलीला येऊन जा. गाडी त्या चढावर उभी करून दाखवते.