क्रास्नोयार्स्कचे स्तोल्बी: लालेतिनोची पायवाट की बोब्रोवी लोगची लिफ्ट?

सायबेरियातल्या येनिसेई नदीकाठच्या या ॲल्युमिनियमच्या शहरात हाताशी एकच दिवस असेल, तर स्तोल्बीला, म्हणजे शहरालगतच्या खडकांच्या सुळक्यांच्या राष्ट्रीय उद्यानात, कोणत्या बाजूने चढायचं हे आधीच ठरवा: लालेतिनोच्या बाजूने पायी, की बोब्रोवी लोग या स्की-केंद्रातून लिफ्टने.

मेहनत: लालेतिनोहून पहिल्या सुळक्यांपर्यंत साधारण 7 किलोमीटर सततचा चढ आहे. रस्ता पक्का, पण शेवटचा ‘पिख्तून’ नावाचा टप्पा खरोखर धाप लावतो. नावाचा अर्थही तोच. बोब्रोवी लोगला चेअरलिफ्ट वर नेऊन सोडते, समोर ताकमाक हा मोठा कडा दिसतो. मात्र मधले सुळके तिथूनही बरंच चालल्यावर येतात, आणि हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

खर्च: पायवाटेला बसभाडं, लिफ्टला तिकीट. वारा वाढला की लिफ्ट थांबते, म्हणून पायी उतरण्याइतका वेळ राखा.

काय दिसतं: खरी स्तोल्बी लालेतिनोच्या वाटेवरच. ‘दुसरा स्तोल्ब’ नावाच्या सुळक्यावर 1899 साली क्रांतिकारकांनी रंगवलेलं ‘स्वोबोदा’, म्हणजे स्वातंत्र्य, आजही वाचता येतं. इथला सायनाइट खडक कोरडा असताना पकड देतो, ओला झाला की घात करतो. इथले जुने चढाईवाले म्हणूनच गलोश, म्हणजे बुटांवर चढवायचे रबरी जोडे, घालतात. नवख्याने सुळक्यावर चढू नये.

मे-जूनमध्ये दोन्हीकडे गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, अंग वरचेवर तपासा.

गुडघे दुखत असतील, सोबत लहान मुलं असतील किंवा अर्धाच दिवस असेल, तर लिफ्ट. दिवसभर चालायची तयारी असेल, तर लालेतिनोच.