पट्टीच्या भोकांसाठी पॉलिएस्टर फिल्मचा फर्मा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या 1984 च्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं डाव्या बाजूचं मडगार्ड आणि त्याच बाजूची दोन्ही दारं बदलावी लागली. खालचा पत्रा इतका सडला होता की वेल्डिंग धरायला जागाच उरली नव्हती. दारं कुर्ल्यात सीएसटी रोडला मिळाली, टॅक्सीची उतरवलेली. जिथे ही गाडी बनायची त्याच कुर्ल्यात आता तिची दारं भंगारात शोधायची, याचं वाईट वाटतं. पण पत्रा सरळ होता, म्हणून घेतली. अडचण एकच. त्यांना क्रोमच्या पट्टीची भोकंच नव्हती, आणि नवं मडगार्डही कोरं. आमच्या गाडीला त्या बाजूला पट्टी धरणाऱ्या क्लिपांची अकरा भोकं आणि मोनोग्रामची (गाडीच्या नावाच्या बिल्ल्याची) दोन. त्यातलं एक जरी 2 मिमी वरखाली झालं तरी पट्टी दारापाशी तुटल्यासारखी दिसते.

पहिला फर्मा, म्हणजे भोकांच्या जागा उतरवून घ्यायचा नमुना, मी ट्रेसिंग पेपरचा केला होता. मे महिन्यात जुन्या दारावरून उतरवला आणि जूनच्या शेवटी नव्या दारावर धरला, तर एका टोकाला जवळजवळ 3 मिमी फरक. कागद हवेतली ओल पितो आणि वाढतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्यावर माप ठेवणं चूकच. सुदैवाने जुनी दारं अजून भंगारात दिली नव्हती. तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून ड्रॉइंगची पॉलिएस्टर फिल्म आणली, 125 मायक्रॉनची, एक बाजू मॅट. मॅट बाजूवर पेन्सिल नीट उठते, आणि आरपार दिसतं हा सर्वांत मोठा फायदा. त्यानंतरचा सगळा पाऊस फिल्मने माप सोडलं नाही.

फर्मा कशाला टेकवायचा, यात खरं काम आहे. सुरुवातीला मी मडगार्डच्या चाकाकडच्या कडेवरून माप धरलं. पण बाहेर बनलेल्या मडगार्डची ती कड मूळ भागाशी जुळेलच असं नाही. माझी नव्हती जुळत. पत्र्याला जी दाबाची घडी असते, जिच्यावर उजेड चमकतो, ती रेष फिल्मवर उतरवायची. ती आणि दाराची उभी कड, एवढे दोन आधार पुरतात. शिवाय भोकं पाडण्याआधी दारं गाडीवर चढवून त्यांच्यामधल्या फटी जुळवून घ्यायच्या. पट्टी गाडीवर सरळ दिसायला हवी, टेबलावर नाही. मी तिन्ही भागांवर मिळून एकच लांब फिल्म चिकटवली आणि फटींच्या जागी नंतर कापली.

जुनी भोकं गंजून लांबट झाली असतील तर त्यांच्या मध्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या दाराची दोन भोकं खालच्या बाजूने खाल्लेली होती. तिथे मी पट्टीलाच क्लिपा अडकवून पट्टी जागेवर धरली आणि क्लिपांचे मध्य घेतले. जिथे भोक शाबूत आणि मागून हात पोहोचतो, तिथे नागदेवीच्या हत्यारबाजारातून आणलेला ट्रान्स्फर पंच, म्हणजे टोकदार दांडा. भोकाच्या मापाचा दांडा मागून घातला की टोक बरोबर मध्यावर फिल्मला टोचतं.

आता खोट. फिल्ममधून थेट ड्रिल मारू नका. मी दोनदा मारलं आणि फिल्मचं भोक अंडाकृती झालं, तो तुकडा परत करावा लागला. आता प्रत्येक भोकाला धारावीतून आणलेली बारीक पितळी आयलेट ठोकतो, चामड्याच्या वस्तूंच्या भोकांना लावतात ती कडी. तिच्यातून फक्त सेंटर पंचचा (मध्य खुणावणाऱ्या टोकदार हत्याराचा) ठोका मारायचा, मग फर्मा काढून आधी 2 मिमीचं आणि नंतर पूर्ण मापाचं ड्रिल. आठ महिन्यांत तीन गाड्यांना वापरूनही आयलेट ढिल्या झालेल्या नाहीत. दुसरं, हेडलाइटजवळ पत्रा दोन्हीकडून वळतो तिथे फिल्म बसतच नाही, चुण्या पडतात. तेवढ्यापुरते लहान तुकडे करून टेपने जोडावे लागतात. घडी घातली तर दुमड कायमची राहते, म्हणून गुंडाळी करूनच ठेवायची. मास्किंग टेप उन्हात दोन दिवस राहिली तर गोंद पत्र्यावर उतरतो.

उजव्या बाजूला हाच फर्मा उलटा करून वापरावा असं कुणालाही वाटेल. आमच्या उस्तादांनी मला वेळीच अडवलं. "आधी जुन्या दारावर लावून बघा," म्हणाले. लावला तर पुढची तीन भोकं जुळेनात. म्हणून उजवीकडचा वेगळा केला. दोन्हींवर बाजू, पुढची दिशा आणि "मॅट बाजू वर" असं पक्क्या शाईने लिहिलंय.

भोकं रंगाच्या आधी पाडा. नंतर पाडली तर कडेचा उघडा पत्रा समुद्राच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तांबडा होतो. मी प्रत्येक भोकाच्या कडेला आतून-बाहेरून बारीक ब्रशने इपॉक्सी प्रायमर लावतो आणि क्लिपेखाली थोडं ग्रीस. पहिल्या गाडीची पट्टी परवा काढून बघितली, अकराही भोकांच्या कडा स्वच्छ होत्या.