ओळखीच्या फाइली वेगळ्या काढणारी यादी: एनएसआरएलचा अनुभव

शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याच्या हिशेबनिसाचा संगणक तपासणीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्यात लाखांवर फाइली होत्या आणि त्यांतल्या बहुतेक विंडोज व ऑफिसच्याच होत्या. असा ढीग उपसण्यासाठी मी अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेची ‘नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी’ (एनएसआरएल) ही ओळखीच्या फाइलींची यादी वापरतो; तिच्याशी जुळलेल्या फाइली बाजूला काढल्या की उरलेल्याच हाताने तपासाव्या लागतात. ही संस्था मूळ सॉफ्टवेअर मिळवून त्यातील प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेला बोटाच्या ठशासारखा छोटा संकेत, काढते आणि ती यादी दर तीन महिन्यांनी मोफत उपलब्ध करून देते. सध्या ती एसक्यूलाइट डेटाबेसच्या, म्हणजे एकाच फाइलीत मावणाऱ्या माहितीसाठ्याच्या, रूपात मिळते. पूर्ण संच अवाढव्य असल्याने लहान कार्यालयाने ‘मिनिमल’ या आटोपशीर संचावर भागवावे.

जुळणी फाइलीच्या नावावर न होता आतल्या मजकुरावर होते, हे या यादीचे खरे बळ आहे. त्या संगणकात नोटपॅडची प्रत कुणीतरी ‘पगार जून’ या नावाने ठेवली होती, ती लगेच ओळखली गेली; उलट ‘एसव्हीसीहोस्ट’ असे विंडोजचे सोज्वळ नाव घेऊन टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरात बसलेली फाइल यादीत सापडली नाही आणि हाताने तपासायच्या ढिगात उरली. (शून्य बाइटच्या, म्हणजे रिकाम्या, सगळ्या फाइलींचा एसएचए-१ या पद्धतीने काढलेला हॅश एकच, ‘डीए३९ए३ईई’ने सुरू होणारा, असतो, त्या जुळल्या म्हणून हुरळून जाऊ नये.)

ओळखीची फाइल म्हणजे निर्धोक फाइल, असा समज मात्र महागात पडेल, कारण माहिती दडवण्याची आणि हॅकिंगची साधनेही या यादीत आहेत. हॅश काढण्याच्या जुन्या पद्धतींपैकी एमडी५ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येणे) २००४ मध्ये आणि एसएचए-१ची २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली गेली असल्याने शक्य तिथे मी एसएचए-२५६ या अधिक भक्कम पद्धतीचाच हॅश जुळवतो. एखाददुसऱ्या फाइलीसाठी लक्झेंबर्गच्या सर्कल या संगणक-सुरक्षा संस्थेची ‘हॅशलुकअप’ सेवा सोयीची वाटते, कारण तिथे फक्त हॅश पाठवावा लागतो. अशिलाची फाइल आपल्या संगणकाबाहेर जात नाही.

तक्रार एकच आहे. आपल्याकडची मराठी टंकलेखनाची आणि हिशेबाची सॉफ्टवेअर माझ्या तपासण्यांत बहुधा अनोळखीच ठरली, म्हणून त्यांच्या मूळ सीडींवरून हॅश काढून मी स्वतःची एक पुरवणी यादी ठेवली आहे, आणि उद्यमनगरच्या कामात निम्मा ढीग तिनेच कमी केला.